यमाईच्या डोंगरावरची चित्रे
औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा परिचय

विद्यार्थी मित्रहो, बेळगावचा किर्लोस्कर रोड आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याचे नाव त्या रस्त्याला आहे, त्यांचा कारखाना आपल्या गावातून उठला तेव्हा त्यांना जागा देणारा एक राजा होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तो राजा स्वतः चित्रकार होता. त्याचे संस्थान लहान होते, मुलूख दुष्काळी होता, तिजोरी काही फार भरलेली नव्हती. तरीही त्याने आपल्या गावच्या देवीच्या डोंगरावर असे एक चित्रसंग्रहालय उभारले की आजही लांबून लांबून माणसे ते पाहायला येतात. या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत. ते म्हणजे औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

प्रथम एक खुलासा. पुणे शहरातील औंध हा भाग वेगळा. बाळासाहेबांचे औंध सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, साताऱ्याहून रस्त्याने चाळीसेक किलोमीटरवर आहे. गावाला लागूनच डोंगर आहे आणि डोंगरावर यमाई देवीचे ठाणे आहे. त्याला मूळपीठ म्हणतात. अनेक घराण्यांची ही कुलदेवता असल्याने दर्शनाला दूरदूरच्या गावांहून लोक येतात.

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झाले. राजाच्या वतीने कारभार पाहणारा तो प्रतिनिधी. पुढे हे पद परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आले आणि त्या घराण्याचे संस्थान औंध येथे स्थिरावले. इंग्रजी अमलात संस्थान उरले ते अगदी छोटे. एकंदर बहात्तर गावे, आणि तीही एका जागी नव्हेत. काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे आणि काही गुणदाळकडे, म्हणजे आजच्या विजापूर जिल्ह्यात. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. पाऊस बेभरवशाचा. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर अशा मोठ्या संस्थानांच्या मानाने औंध म्हणजे एखाद्या तालुक्याएवढे.

अशा संस्थानात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८९४ साली ते बी.ए. झाले. राजपुत्राने पदवीपर्यंत शिकणे ही त्या काळी सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती. शिक्षण आटोपल्यावर त्यांनी वडिलांच्या हाताखाली संस्थानच्या कारभाराचे काम केले. कागदपत्रे कशी चालतात, सारा कसा वसूल होतो, दुष्काळात काय करावे लागते, हे सारे त्यांनी गादीवर येण्याआधीच पाहिले होते. ४ नोव्हेंबर १९०९ रोजी ते औंधचे राजे झाले. तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते.

बाळासाहेबांना दोन गोष्टींचे वेड होते असे म्हटले तर चालेल. एक सूर्यनमस्कार आणि दुसरे चित्रकला. सूर्यनमस्कार ते स्वतः नेमाने घालीत, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींकडून घालून घेत आणि १९२८ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकही प्रसिद्ध केले. आज शाळेच्या मैदानावर आपण जे सूर्यनमस्कार घालतो, त्यांच्या प्रसारात औंधच्या या राजाचा मोठा वाटा आहे. ते कीर्तनही करीत. राजा कीर्तनाला उभा राहतो आणि प्रजा समोर बसून ऐकते, असे दृश्य औंधात दिसत असे.

आमचा आजचा विषय मात्र त्यांची चित्रकला हा आहे. बाळासाहेब हौस म्हणून चित्रे विकत घेऊन भिंतीवर लावणारे राजे नव्हते. ते स्वतः हातात कुंचला धरीत. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रांची मालिका काढली आणि ती १९१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शिवचरित्रातील प्रसंगही त्यांनी रंगवले. जुन्या कलेचा अभ्यासही ते चिकाटीने करीत. वेरूळच्या लेण्यांवर १९२९ साली आणि अजिंठ्यावर १९३२ साली त्यांची पुस्तके निघाली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे प्रचंड काम हाती घेतले, त्यामागेही बाळासाहेबांची प्रेरणा होती. महाभारताची सचित्र आणि शुद्ध आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये देण्याचे ठरवले. १९१९ साली कामाला आरंभ झाला. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहण्याचे हे काम पिढ्यानुपिढ्या चालले आणि १९६६ साली मूळ संहिता पुरी झाली. त्या काळातले एक लाख रुपये आणि पाऊण लाख वस्तीचे संस्थान, हा हिशेब मुलांनी मनात मांडून पाहावा.

स्वतः चित्रकार असल्यामुळे चित्रकाराला काय हवे असते हे बाळासाहेबांना ठाऊक होते. कौतुक तर हवेच. पण कौतुकाने पोट भरत नाही. चित्रकाराला काम हवे, राहायला जागा हवी आणि काढलेले चित्र चार लोकांनी पाहावे अशी भिंत हवी. या तिन्ही गोष्टी औंधात मिळत.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे उदाहरण घ्या. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांचा मूळ व्यवसाय चित्रकलेचा. सावंतवाडीकडचा हा गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला. पुढे त्यांनी हैदराबादेत आणि नंतर लाहोरला चित्रकार म्हणून नाव आणि पैसा मिळवला. मात्र राष्ट्रीय विचारांच्या लेखनामुळे सरकारची वक्रदृष्टी त्यांच्यावर झाली होती. अशा माणसाला १९१८च्या सुमारास बाळासाहेबांनी औंधला आणून वसवले. तेथे सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ चालवले, छापखाना चालवला आणि वेदांचे ग्रंथ प्रसिद्ध केले. इंग्रज सरकारच्या मेहेरबानीवर ज्याची गादी अवलंबून, अशा छोट्या संस्थानिकाने सरकारच्या डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाला आसरा द्यावा, यात जोखीम होती. ती बाळासाहेबांनी पत्करली.

सातवळेकरांचे चिरंजीव माधव सातवळेकर यांचे बालपण औंधला गेले. घरात वडिलांची कला आणि गावात राजाची. पुढे ते जे. जे. मध्ये शिकले, युरोपात जाऊन त्यांनी अभ्यास केला, नामवंत चित्रकार झाले आणि महाराष्ट्र राज्याचे कला संचालक झाले. लहान गावातील मुलाच्या डोळ्यांसमोर चांगली चित्रे असतील तर काय घडू शकते, हे यावरून कळते.

आता आपल्या बेळगावकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांनाही लहानपणी चित्रकार व्हायचे होते. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखलही झाले. पण तेथे लक्षात आले की काही रंगांतील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकलेचा नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि तेथून यंत्रांकडे. बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करू लागले. कारखाना जरा स्थिरावतो आहे तोच नगरपालिकेला ती जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि त्यांना जागा सोडावी लागली.

अशा वेळी बाळासाहेबांनी त्यांना संस्थानात बोलावले. कुंडलजवळची बत्तीस एकर माळरानाची जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिले. बाळासाहेब गादीवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. निवडुंग आणि सापविंचू यांनी भरलेल्या माळावर कारखाना झाला, घरे झाली, शाळा झाली. बेळगावहून मिरजमार्गे पुण्याला रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. पुढच्या वेळी ते लागले की मुलांनी ही हकिकत जरूर आठवावी.

याच किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली मासिक सुरू केले. शंकररावही चित्रकलेचे विद्यार्थी होते आणि लाहोरला सातवळेकरांकडे शिकले होते. म्हणजे रंग न ओळखू शकणारे कारखानदार काका, चित्रकार-संपादक पुतण्या, वेद छापणारा चित्रकार आणि या सर्वांना जागा देणारा चित्रकार राजा, असा हा गोतावळा होता. कलावंत आणि कारागीर यांच्यात बाळासाहेबांनी भेद केला नाही. नांगर घडवणाऱ्याला माळ दिला आणि चित्र काढणाऱ्याला भिंत दिली.

ती भिंत म्हणजेच श्री भवानी चित्रसंग्रहालय. चित्रे जमवण्याचे काम बाळासाहेब कित्येक वर्षे करीत होते. राजवाडा भरून गेला होता. ही चित्रे सर्वांना पाहता यावीत म्हणून त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर, पायथा आणि शिखर यांच्या मध्ये, संग्रहालयाची स्वतंत्र इमारत उभारली. चित्रांवर उजेड कसा पडावा याचा विचार करून ती बांधली आहे, आणि दालनांत नैसर्गिक प्रकाश येईल अशी योजना आहे. बांधकाम करवून घेणारा स्वतः चित्रकार असल्याचा हा फायदा.

संग्रहालयात काय आहे ते थोडक्यात सांगतो. राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे गुरुवर्य म. वि. धुरंधर यांची आहेत. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची आहेत. बंगालच्या चित्रकारांची कामे आहेत. किरात आणि अर्जुन यांच्या कथेवरील पहाडी शैलीतील लघुचित्रांची मालिका आहे. हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या कोरीव वस्तू आहेत. युरोपातील कलेचे नमुने आहेत, आणि त्यांत हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे दगडी शिल्पही आहे. ज्यांची शिल्पे पाहायला लोक लंडनला जातात, त्यांचे एक शिल्प खटाव तालुक्यात आहे!

कोणी विचारील की एवढा ठेवा मुंबई-पुण्यात का ठेवला नाही? तेथे जाणकार अधिक, वृत्तपत्रे तेथे, श्रीमंत गिऱ्हाईक तेथे. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर त्या डोंगराच्या वाटेवरच मिळते. यमाईच्या दर्शनाला शेतकरी येतो, त्याची बायकामुले येतात, नवस फेडायला म्हातारी माणसे येतात. यांपैकी बहुतेकांनी जन्मात कधी शहरातील चित्रप्रदर्शनाची पायरी चढली नसती. देवीकडे जाणाऱ्या वाटेवरच संग्रहालय असले म्हणजे त्यांना मुद्दाम कोठे जावे लागत नाही. ज्या माणसाच्या घरी कॅलेंडरवरच्या देवाशिवाय चित्र नाही, त्याला रविवर्म्यांच्या हातचे चित्र पाहायला मिळते. चित्र पाहण्याचा अधिकार सर्वांना आहे असे नुसते म्हणणे सोपे असते. बाळासाहेबांनी इमारत कोठे बांधावी हे ठरवतानाच तो देऊन टाकला.

येथे एक अवघड प्रश्नही आहे आणि तो आम्ही टाळत नाही. दुष्काळी मुलखातील राजाने चित्रांवर पैसा खर्च करावा काय? तो पैसा शेवटी रयतेच्या साऱ्यातूनच येतो. बाळासाहेब कितीही सज्जन असले तरी ते वंशपरंपरेने आलेले राजे होते, आणि चित्रे घ्यावीत की विहिरी खणाव्यात हे रयतेला विचारून ठरत नव्हते.

पण ज्या वर्षी संग्रहालय उभे राहिले, त्याच वर्षी या प्रश्नाचा निकाल लावणारी गोष्ट बाळासाहेबांनी केली. १९३८च्या नोव्हेंबरात, वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले मॉरिस फ्रीडमन हे या कामी पुढे होते. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने राज्यघटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती लागू झाली. गावच्या पंचायती हा तिचा पाया होता. लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी कारभार पाहू लागले. देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या आठ वर्षे आधी औंधच्या खेड्यापाड्यांतील माणसे आपला कारभार आपण चालवीत होती. राजाने आपण होऊन राज्य देऊन टाकावे याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कैद्यांनी भिंतींवाचून राहावे, शेती करावी, कुटुंब जवळ ठेवावे, अशी ती कल्पना. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या दो आँखें बारह हाथ या चित्रपटाला याच वसाहतीची प्रेरणा होती. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर हे औंध संस्थानातीलच. त्यांचे काही शिक्षण औंधलाच झाले. आटपाडीचे शंकरराव खरात, ज्यांनी पुढे आपल्या लेखनातून दलितांचे जीवन मराठी साहित्यात आणले, त्यांचेही शिक्षण औंधच्या शाळेत झाले. एवढ्याशा मुलखातून इतकी माणसे पुढे आली. हे सर्व श्रेय एका राजाचे असे आम्ही म्हणणार नाही. मुलांची हुशारी मुलांची असते, कष्ट त्यांच्या आईबापांचे असतात. पण शाळा, छापखाना, कीर्तन, चित्रे आणि पंचायत या गोष्टी जवळ असल्या म्हणजे हुशारीला वाट सापडते.

मराठी समाजाने बाळासाहेबांचा मान केला. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांच्या गावी, एका चित्रकार राजाने त्या व्यासपीठावर बसावे, ही आपल्यासारख्यांना विशेष आनंदाची गोष्ट.

१९४८च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गादी गेली, निशाण गेले. १९५१च्या एप्रिलमध्ये बाळासाहेबांचे निधन झाले. सातवळेकर १९४८ साली गुजरातेत पारडी येथे गेले. आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. बहात्तर गावे तीन जिल्ह्यांत वाटली गेली. संग्रहालय मात्र होते तेथेच राहिले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये विभागाकडे आहे. यमाईला जाणारी माणसे आजही वाटेत थांबतात आणि चित्रे पाहतात.

पालक आणि विश्वस्त मंडळींशी आता दोन शब्द बोलावेसे वाटतात. आपल्या शाळेतही चित्र काढणारी मुले आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर शिक्षकांचे हुबेहूब चित्र काढून छडी खाणारी आहेत, गणपतीच्या दिवसांत मूर्तिकाराच्या शाळेत रंगवायला बसणारी आहेत, रांगोळीत अख्खा शिवाजी उभा करणाऱ्या मुलीही आहेत. त्यांची चित्रे स्नेहसंमेलनाला एक दिवस टाचण्यांनी लावली जातात आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जातात. गावातही पाट्या रंगवणारे, मूर्ती घडवणारे, देखावे करणारे कितीतरी कलावंत आहेत. फ्लेक्सचे फलक आल्यापासून त्यांतल्या अनेकांचे हातचे काम गेले. आपण त्यांना मंडपाच्या कामापुरते बोलावतो आणि नंतर विसरतो.

बाळासाहेबांसारखी तिजोरी आपल्यापाशी नाही. त्यांच्यापाशीही मोठी नव्हती. शाळेच्या जिन्याजवळची किंवा सभागृहाबाहेरची एक भिंत वर्षभरासाठी चित्रांना द्यावी, असे आम्हांस वाटते. दर दोन महिन्यांनी एका स्थानिक चित्रकाराची किंवा मूर्तिकाराची कामे आणि त्यांच्या शेजारी मुलांची निवडक चित्रे तेथे लावावीत. कलावंताचे नाव नीट अक्षरात लिहावे. कोणाला चित्र विकत घ्यावेसे वाटले तर पैसे थेट कलावंताच्या हाती जावेत. फी भरायला येणारे पालक आणि डबा द्यायला येणाऱ्या आजी जाता-येता ती पाहतील. त्यासाठी कोणाला मुद्दाम वेळ काढावा लागणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. सुटीत कऱ्हाड-साताऱ्याकडे जाणे झाले तर घरच्यांना सांगून औंधला वाट वाकडी करा. यमाईचे दर्शन घ्या, उतरताना संग्रहालयात जा, आणि एक चित्र निवडून त्याच्यासमोर दहा मिनिटे उभे राहा. नंतर त्याच्याविषयी अर्धे पान लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ते आनंदाने छापू.